डब्यातली सूर्यफुलं

आपल्या लोकांनी सूर्यफुलावर जेवढ्या कविता लिहिल्या तेवढं सूर्यफूल पेरलं असतं तर निम्मा सोलापूर जिल्हा पिवळा दिसला असता. पण पेरायला रान लागतं. कवितेला रान लागत नाही. ती पगाराच्या पाकिटामागं होते, रातपाळीत बॉबिनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर होते. मीही लिहिल्यात. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, त्यात सूर्यफुलं आली, आणि पुढं ती आपल्या कवितेत घरच्यासारखी वावरायला लागली. आता प्रत्येक वस्तीत एक तरी कवी असतो आणि त्याच्या वहीत एक तरी सूर्यफूल असतं, बाबासाहेबांकडं तोंड करून उभं.

दोस्तांनो, मी वहीतल्या सूर्यफुलाची गोष्ट सांगत नाही. २०२४ साली आमच्या सूतगिरणीत आम्ही अकरा माणसांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत सूर्यफुलं लावली. पैज म्हणून, गंमत म्हणून. त्याची ही हकीकत.

गिरणीचं नाव नको. सोलापूरच्या बाहेर आहे, हायवेला लागून, एवढं पुरे. मी रिंगखात्यात आहे. माझा आजाही मुंबईत रिंगखात्यातच होता. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडलं, त्यात तोही बाहेर पडला तो पडलाच. गावी आला तो खोकत आला. आजाच्या बापाच्या जमान्यात तर मुंबईच्या गिरण्यांत विणाईचं खातं आपल्या माणसाला बंद होतं. धोट्यातून सूत ओढून घ्यायला धोट्याला तोंड लावावं लागायचं, आणि आपल्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? पगार तर त्याच खात्यात जास्त. १९२८-२९ च्या संपांच्या दिवसांत बाबासाहेबांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. कामगार एक आहे म्हणणाऱ्यांना विचारलं की मग हे काय आहे. हे आत्ता इथं सांगायचं कारण पुढं येईल.

तर पैज लागली ती तेलावरून. गिरणीसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. दिवस जानेवारीचे. टपरीवाला भज्याच्या कढईत तेल ओतत होता आणि डब्यावर हे एवढं सूर्यफूल छापलेलं. कुणीतरी म्हणालं, हे तेल आपल्याकडचं नसतंय, युक्रेनमधून येतंय. खरंच आहे ते. २४ फेब्रुवारी २०२२ ला तिकडं लढाई पेटली आणि इकडं आमच्या आयांनी फोडणीतलं तेल निम्मं केलं. आपला देश सूर्यफुलाचं बहुतेक तेल बाहेरून आणतो. आणि गंमत अशी की ह्याच सोलापूर, लातूर, उस्मानाबादच्या काळ्या रानांत एकेकाळी नजर जाईल तिथवर सूर्यफूल होतं. १९६९ च्या सुमारास रशियातून बी आलं आणि तेलबी म्हणून ह्या देशात त्याची लागवड सुरू झाली. मूळचं ते अमेरिकेतल्या आदिवासींचं पीक. कोलंबसाच्या आधीपासून ते लोक पेरत होते. म्हणजे ज्यांचं रान गेलं त्यांचंच फूल. मग आमच्याकडं रोग आला, भाव पडला, पाखरांनी खाल्लं, आणि सोयाबीननं उरलंसुरलं रान घेतलं.

आमचा जॉबर अण्णा म्हणाला, “माझ्या बापाच्या टायमाला आठ एकर सूर्यफूल होतं. परातीएवढं फूल. तुमाला काय माहीत बे, ते हाताचं काम आहे. येऱ्यागबाळ्याच्या हाताला येत नाही.”

जॉबर अण्णा लिंगायत. भावकीत बारा एकर रान, विहीर आहे. माणूस वाईट नाही. मशीन बंद पडलं तर आधी स्वतः हात घालतो, मग शिव्या देतो. बोलायला मात्र जड.

टपरीवर कुणी एकानं काडी टाकली की अण्णा, मग लावा पैज. लागली. अण्णानं नियम सांगितला, प्रत्येकानं आपापल्या जागेत लावायचं, ज्याचं फूल भारी तो जिंकला.

मी म्हणालो, “अण्णा, आपापली जागा म्हणजे काय? तुमची जागा बारा एकर. माझी जागा पत्र्याच्या खोलीचा उंबरा.”

“मग कुंडीत लाव की.”

“मग तुमीबी कुंडीत लावा.”

“का बे? रान असून कुंडीत का लावू?”

वाइंडिंगमधला एक पोरगा आहे, डिप्लोमा झालेला, मोबाईलवर सतत काहीतरी स्पर्धा परीक्षेचं ऐकत असतो. तो म्हणाला, “हे बघ, प्रत्येक गोष्टीत कोटा नको आणू. गेम आहे हा. ज्याचं मेरिट तो जिंकतो.”

हा शब्द आला की टपरीवरचा चहा गार होतो हे तुम्हाला सांगायला नको. शाळेत, बँकेत, नोकरीच्या रांगेत, कुठं नाही ऐकला आपण? पण फुलाच्या पैजेतसुद्धा येईल असं वाटलं नव्हतं. आमच्यातलाच एक, ब्लोरूमला आहे, जयंती मंडळाचा खजिनदार, वस्तीत माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, तो एकदम उभाच राहिला. म्हणाला, “मेरिट कशाचं बघणार? बियाचं, हाताचं, का रानाचं? रानाचं बघायचं असेल तर पैज कशाला, सातबारा आणा आणि बक्षीस घेऊन जा.” लोक हसले. चांगलं बोलला. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

निकाल लावला कार्डिंगमधल्या मामांनी. मामा मुसलमान, रिटायरला आलेले, तरुणपणी तालमीत घुमलेले. ते एवढंच म्हणाले, “अरे, कुस्तीसुद्धा जोड बघूनच लावतात ना? शंभर किलोच्या समोर पन्नास किलोचा उभा करून हलगी कोण वाजवतंय?” कुस्तीचं उदाहरण आल्यावर अण्णाचं काही चाललं नाही. कुस्ती त्याला पटते.

ठरलं ते असं. सगळ्यांनी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यातच लावायचं. माती एकाच ढिगाची. बी एकाच पिशवीतलं. डबे एकाच ठिकाणी, गिरणीच्या मागच्या भिंतीला, हवा गार ठेवायच्या प्लांटपलीकडं, जिथं नळ आहे आणि ऊन सारखं येतं. पाणी कुणी किती घालायचं, खत काय, आधार कसा, हे ज्याचं त्यानं बघायचं. फुलाची रुंदी मोजायची का उंची, यावर पुन्हा वाद. तिथं मात्र अण्णा बरोबर बोलला. “फूल शहरातला माणूस बघतो. शेतकरी दाणा बघतो. वजन दाण्याचं करायचं.”

आणि शेवटचा नियमही अण्णानंच घातला. जो शेवटचा येईल त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण.

सगळे हसले. मी पण हसलो आणि मनात माणसं मोजायला लागलो. मी शेवटचा आलो तर ह्यातले किती जण वस्तीत येतील, पाट मांडून बसतील, माझ्या आईच्या हातची भाकरी मोडतील? डब्यात हात सगळे घालतात, कँटीनला एका टेबलावर बसतात, त्याचं काही नाही. गिरणीत कँटीनची ताटं स्टीलची असतात आणि ती कुणाच्याच घरची नसतात. घर वेगळं. ज्यांना हे मोजावं लागत नाही त्यांना ह्या नियमात नुसतं जेवण दिसलं.

नावं नोंदवताना दहा होती. अकरावं आमच्या झाडूवाल्या मावशीचं. मावशी ठेक्यावर आहे, रिंगखात्यातला उडालेला कापूस झाडून गोळा करते. दिवसभर झाडते आणि दिवसभर कापूस उडतच असतो, म्हणजे तिचं काम कधी झालं असं होत नाही. मातंग समाजाची, नवरा बँडमध्ये होता, वारला. ती पिशव्या उचलता उचलता म्हणाली, “मला पण एक डबा द्या की.” फिटर म्हणाला, ती खात्यातली नाही, ठेक्यावरची आहे. अण्णानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, “फुलाला काय माहीत ठेका का परमनंट?” दिला डबा. त्याला श्रेय द्यायचं तिथं मी देणार.

डबे कँटीनवाल्यानं भंगाराच्या भावात दिले. माती अण्णानं त्याच्या रानातली टेम्पोतून आणली. काळीभोर. ती ढिगाला ओतली तेव्हा मी तिच्यात हात घातला. आमच्या गावाकडं असल्या मातीत माझी आजी आयुष्यभर वाकून होती आणि तिच्यातली मूठभर आमची नव्हती. आजा सांगायचा की आमच्या गावातली माणसं १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली होती, दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन. पडीक रान द्या म्हणत गेली, तुरुंगातली भाकरी खाऊन आली. देशभर लाखांवर माणूस आत गेलं तेव्हा. आणि साठ वर्षांनी त्यातल्या एकाच्या गावचा नातू डबाभर माती घेऊन खूष होतो! पण खूष होतो हे खरं.

काळी माती डब्यात तशीच भरली तर ऊन लागलं की दगड होते, पाणी दिलं की चिखल होतो. हे मला आईनं सांगितलं. मी ते ढिगाशी सगळ्यांना सांगितलं, कारण ढीग एक होता. वाळू मिसळली, शेणखत मिसळलं, आणि ब्लोरूमच्या मागं कुजून काळा पडलेला कापसाचा कचरा मिसळला. डब्यांना खालून खिळ्यानं भोकं पाडली. २६ जानेवारीला सुट्टी होती, त्या दिवशी झेंडा झाल्यावर बी टोकलं. डब्यात तीन तीन दाणे, उगवल्यावर एक ठेवायचा.

बी संकरित, औषध लावून गुलाबी केलेलं. अण्णाच्या पाव्हण्याकडं पिशवीत उरलेलं. इथं एक बोलून घेतो. मनुस्मृतीला वर्णसंकराचा केवढा धाक! सगळा कायदा त्या एका भीतीवर उभा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती जाळावी लागली ती उगीच नाही. आणि कृषी सेवा केंद्रात जा, तोच संकर शब्द पिशवीवर मोठ्या अक्षरात, साध्या बियापेक्षा भाव दांडगा, आणि धर्म पाळणारे शेतकरी रांग लावून घेतात.

आई माझी औसा तालुक्यातली. तिला मी पैजेचं सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, “सूर्यफूल काय सांगतोस मला? नऊ वर्षाची होते तवा पाखरं राखायला ठेवलं होतं मला.” तिच्या लहानपणी तिकडं सूर्यफुलाची शेतंच शेतं. दाणा भरायला लागला की पोपटांचे थवे उतरायचे. पोपट फुलावर उलटा लटकतो आणि चोचीनं एकेक दाणा सोलून खातो, टरफल खाली टाकतो. म्हणून उजाडायच्या आत माळ्यावर चढायचं, पत्र्याचा डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, दिवस मावळला की उतरायचं. शाळा त्यातच गेली. मोसम संपला की तेच पोर मोगरीनं फुलं बडवायला. फुलाची मागची बाजू खरखरीत असते, हाताची सालं निघतात. जॉबर अण्णा म्हणतो ते हाताचं काम. खरं आहे, हाताचंच. अण्णाच्या बापाच्या आठ एकरात हात कुणाचे होते हे त्याला कुणी विचारलं नाही. मी पण नाही. पैज होती ना.

पण मला जे सांगायचंय ते आईच्या दुसऱ्या एका बोलण्याबद्दल आहे. मी तिला माझी एक कविता वाचून दाखवली, सूर्यामागं फिरणाऱ्या फुलाची. ऐकून ती म्हणाली, “फिरतंय ते कवळं असताना. एकदा उमललं की न्हाई फिरत. दिवसभर उगवतीकडं तोंड करून उभं ऱ्हातंय.”

मी म्हणालो, असं कसं, सगळे लिहितात की.

“लिवत असतील. मी माळ्यावर बसून बघितलंय.”

मग मी ठरवलं, बघायचं. माझी फेब्रुवारी-मार्चमध्ये रातपाळी जास्त पडली, अकरा ते सात. मार्चच्या सुरुवातीला रोपं कमरेच्या वर आली आणि टोकाला हिरवी कळी धरली, चांदणीसारखी. तेव्हा मी खडू घेऊन डब्याच्या पत्र्यावर बाण काढायला लागलो. रात्री अकराला आत जाताना एक, तीनच्या चहाला एक, सकाळी सातला सुटताना एक. संध्याकाळपर्यंत कळीची मान पश्चिमेला कललेली असायची, हे सगळ्यांनाच माहीत. पण तीनच्या चहाला बघितलं तर मान सरळ आभाळाकडं. आणि सकाळी उजाडायच्या आत तोंड पूर्वेला. मित्रांनो, अंधारात. भिंतीच्या त्या बाजूला दिवासुद्धा नाही. सूर्य जगाच्या पलीकडं, आणि ही कळी आपली आपण, हळूहळू, रातपाळीत काम केल्यासारखी, जिथनं तो येणार त्या बाजूला मान फिरवून तयार.

मी चार-पाच रात्री बाण काढले. मामा म्हणाले, पोराला येड लागलं. मग मी मोबाईलवर शोधलं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हे सगळं मोजून छापलंय. दिवसा खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते म्हणून मान पश्चिमेला जाते, रात्री पश्चिमेची बाजू जास्त वाढते म्हणून मान परत येते. झाडाच्या आतच घड्याळ असतं. आणि वाढ संपली, फूल उमललं, की फिरणं बंद. तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन आधी मिळालं की फूल लवकर तापतं आणि मधमाश्या जास्त येतात. आईनं माळ्यावरनं बघितलं ते नऊ वर्षाच्या पोरीनं बघितलं म्हणून कुठं छापून आलं नाही, एवढाच फरक.

आमची फुलं २० मार्चच्या पुढंमागं उमलायला लागली. ती तारीख चवदार तळ्याची, मी जुळवलेली नाही, पिकाचे दिवसच तसे भरले. आणि खरंच, फिरायची थांबली. अकराच्या अकरा पूर्वेला तोंड करून, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सूर्य त्यांच्या पाठीमागं जाऊन मावळायचा आणि ही मान वळवायची नाहीत.

मी तेव्हापासून विचार करतोय की आपण सूर्यफूल म्हणून जे लिहितो ते कळीचं लिहितो. आपल्यातले किती जण चाळिशी-पन्नाशीचे झाले तरी मान वळवतच बसलेत, आज ह्या पुढाऱ्याकडं, उद्या त्या. आणि तोंडानं नाव बाबासाहेबांचं. त्यांनी तर २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत उभं राहून सांगितलं होतं की राजकारणात भक्ती म्हणजे अधःपाताचा, हुकूमशाहीचा रस्ता. ते भाषण आपण फ्रेम करून लावलं आणि त्याच्याखाली उदबत्ती लावली. ह्यावर मला मंडळात बरंच ऐकून घ्यावं लागलं. लागू दे.

फूल उमलल्यावर नवी अडचण. आमच्याकडं मधमाशी येईना. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला गिरणी, माशी येणार कुठनं? सूर्यफुलाचं असं आहे की बऱ्याचदा आपल्याच परागावर त्याचा दाणा नीट भरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. नाही मिळाला तर टरफल तयार होतं आणि आत काही नाही, पोचट. शेतकी खातं सांगतं की सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून एका फुलावरनं दुसऱ्या फुलावर हात फिरवा. वाइंडिंगमधल्या अक्कानं हे तिच्या भावाकडनं ऐकलेलं. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू, तिच्या सासऱ्याचे हातमाग होते. ती म्हणाली, “एकट्या फुलावर हात फिरवून उपेग नाही. सगळ्यांच्या फुलावरनं फिरवायला लागतंय.”

आता पैज म्हणजे प्रत्येकाला आपलं फूल जपायचं. डिप्लोमावाला म्हणाला, माझ्या फुलाला कुणी हात लावायचा नाही. अक्का म्हणाली, नको लावू दे, तुझं पोचट राहील. दोन दिवस तो बसला एकटाच, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, माझ्यावरनं पण फिरवा. मग रोज सकाळी, रातपाळी सुटलेला जो कुणी थांबेल तो, हाताला पांढरं फडकं गुंडाळून अकरा फुलांवरनं ओळीनं हात फिरवायचा. फडकं पिवळं व्हायचं. जास्त करून मावशीच फिरवायची, कारण तिची पाळी सकाळची आणि तिला लवकर यावं लागायचं. अण्णाच्या फुलावरनं, माझ्या, मामांच्या, खजिनदाराच्या, सगळ्यांच्या. तिचा हात लागला म्हणून दाणा भरला. हे वाक्य मी साधं लिहितोय, तुम्ही कविता करू नका.

१४ एप्रिलच्या आधी दोन रात्री वळीव आला, वारा सुटला. मावशीचं झाड मधनं मोडलं. तिनं फुटलेल्या बॉबिनच्या दोन चिपा लावून सुतानं बांधलं, तुटलेलं हाड बांधतात तसं. झाड जगलं, पण दाण्याला अन्न पुरेना. आम्ही कुणी म्हणालो की मावशी, तुझं पैजेतनं बाद धरू, वाऱ्यानं मोडलं. ती म्हणाली, “का बाद? वारा काय माझ्या एकटीवर आला होता का?”

एप्रिल संपता संपता फुलांची पाठ पिवळी, मग तपकिरी झाली. कापली, वाळवली, बडवली. १ मेला सुट्टी असते, म्हणून २ मेच्या दुपारी वजन केलं. गिरणीच्या लॅबमध्ये जो काटा सुताचा नंबर काढायला वापरतात त्याच्यावर. एकशेवीस वार सुताचं वजन ज्या काट्यावर होतं त्याला दाणा काय जड? लॅबवाल्यानं कागदावर लिहिलं. अण्णा ४१ ग्रॅम. अक्का ३८. मामा ३६. पुढं मी पाचवा, २९. डिप्लोमावाला आठवा. मावशी शेवटची, ७ ग्रॅम.

अण्णा जिंकला. माती तीच, डबा तोच, बी तेच, पाणी त्याच नळाचं, तरी जिंकला. त्यानं पाणी कधी तोडायचं हे बरोबर ओळखलं होतं, फूल उमलताना आणि दाणा भरताना दिलं आणि नंतर हात आखडता घेतला. मी त्याला हात मिळवला आणि मनात काही राहिलं नाही. आयुष्यात हरलो ते बहुतेक वेळा शर्यतीच्या आधीच हरलो होतो. हे एकदाच नीट हरलो.

आता जेवण. मावशी राहते ती वस्ती रेल्वेलाईनच्या पलीकडं. एक खोली, पुढं पत्रा. तिनं रविवार सांगितला. आम्ही म्हणालो वर्गणी काढू, ती म्हणाली, “पैजेचं जेवण हाय, वर्गणीचं न्हाई.” मटण केलं होतं, अण्णासाठी वेगळ्या पातेल्यात भरली वांगी, शेंगाचटणी, ज्वारीच्या भाकरी. तिच्या सुनेनं बाहेर पत्र्याखाली सतरंजी टाकली होती. आम्ही दहा जण यायचे.

सात आलो.

मामा सगळ्यांच्या आधी आले होते, दारात बसून मावशीच्या नातवाला डावपेच शिकवत होते. अक्का आली, तिच्यासोबत वाइंडिंगमधली दुसरी. डिप्लोमावाला आला आणि दोनदा मटण वाढून घेतलं. क्रीलबॉय आला. अण्णा उशिरा आला, मला वाटलं येत नाही, पण आला. चप्पल काढली, हात धुतले, पातेल्याकडं बघून विचारलं, “वांग्याच्या ह्याच्यात चमचा वेगळा आहे ना? मटणाचा नको.” आहे म्हटल्यावर बसला आणि जेवला. चटणी परत मागितली.

फिटरनं उपास सांगितला. रविवारी कसला उपास, मी विचारलं नाही. डॉफिंगच्या एका पोराचा फोन लागला नाही.

तिसरा आमचा खजिनदार. सातबारा आणा म्हणणारा. मी त्याला त्या दिवशी घरी जाऊन बोलवलं होतं. खोलीत होता. टीव्ही चालू होता. वर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचा फोटो. म्हणाला, तू हो पुढं, मी आलोच. मी निघताना त्याच्या म्हातारीनं आतनं विचारलं, “कुणाच्यात जेवायला चाललाव रं?” मी सांगितलं. ती गप्प झाली आणि तो पण टीव्हीकडं बघायला लागला. सोमवारी म्हणाला, पोट बिघडलं होतं.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं ती आपण भाषणात नेहमी वरच्या पायऱ्यांवर दाखवतो. बोट वर करणं सोपं आहे. ज्यांना हा मजकूर झोंबेल त्यांनी मला भेटावं, मी दुसऱ्या पाळीला असतो. खजिनदारालाही मी हे दाखवून मगच छापायला देतोय. तो वाचून म्हणाला, नाव नको टाकू. नाही टाकलं.

निघताना मावशीनं फडक्यात तीन भाकरी आणि चटणी बांधून दिली. म्हणाली, दहाच्या हिशेबानं थापल्या होत्या, आईला ने. घरी आलो तेव्हा आई जागी होती. तिनं फडकं सोडलं, विचारलं, “कोण आलं न्हाई?” मी तिघांची नावं सांगितली. तिसऱ्या नावाला तिनं वर बघितलं. मग एक भाकरी घेऊन मोडली, चटणीला लावली आणि तिथंच उभ्या उभ्या खायला लागली. म्हणाली, “पीठ जाडं दळलंय. पण भाजलीय चांगली.”